उंबरठ्यावरचा जुना संगणक

दसऱ्याला आपल्याकडे घरातल्या यंत्रांची पूजा होते. स्कूटरला झेंडूचा हार पडतो, शिवणयंत्राला हळदकुंकू लागते, मिक्सरवरही एखादे फूल ठेवले जाते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकालाही हा मान मिळू लागला. पण टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर, खिळ्याला लटकलेली, दोन-चार हिरवे दिवे लुकलुकवणारी एक डबी असते. तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती आठवते ती बंद पडल्यावर. मग ‘नेट गेले’ अशी घरभर हाकाटी होते आणि कुणीतरी उठून तिची पिन काढून पुन्हा लावतो. या डबीला राउटर म्हणतात. बाहेरून येणारी इंटरनेटची तार आणि घरातले सगळे फोन, टीव्ही, संगणक यांच्या मधोमध ती बसलेली असते.

वसई-विरारच्या माणसाला या डबीची खरी किंमत कळली ती २०२० साली. विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटरचे अंतर. इथला नोकरदार पिढ्यान्‌पिढ्या लोकलच्या वेळापत्रकावर जगत आलेला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये उपनगरी गाड्या थांबल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य प्रवाशाला, तेही ठरावीक वेळांतच, गाडीत पाय ठेवता आला तो १ फेब्रुवारी २०२१ पासून. मधल्या दहा महिन्यांत नालासोपारा, नायगाव, आगाशी, माणिकपूर इथल्या कितीतरी घरांतली नोकरी आणि मुलांची शाळा या डबीतून जाणाऱ्या तारेवर तगून राहिली. आज गाड्या नेहमीसारख्या भरभरून धावतात. तरी आठवड्यातले एक-दोन दिवस घरून काम करणारे पुष्कळ आहेत. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आईला याच तारेवरून दिसतो आणि गॅसच्या नोंदणीपासून पेन्शनच्या चौकशीपर्यंत सारे व्यवहार याच वाटेने होतात. तेव्हा घराच्या उंबरठ्यावर बसलेला हा पहारेकरी कोण आहे, तो किती वीज खातो आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे विचारायला हरकत नसावी.

हा प्रश्न आताच विचारण्याचे आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. नव्या विंडोज ११ ला न चालणारे, पण अंगाने धडधाकट असे असंख्य संगणक त्यामुळे अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. यातला एखादा, कमी वीज खाणारा, घराचा राउटर म्हणून बसवता येतो. जगभर अनेक जण तसे बसवतात. हा केवळ हौशी मंडळींचा खेळ आहे, की सामान्य घरालाही त्यात काही हशील आहे, याचा हिशेब येथे मांडायचा आहे.

पहिली गोष्ट ही, की राउटर हा मुळात संगणकच आहे. त्यात प्रोसेसर असतो, स्मृती असते आणि एक कार्यप्रणाली असते. फक्त पडदा आणि कळफलक नसतो. इतिहास पाहिला तर आधी संगणकच राउटरचे काम करत असत. डबी नंतर आली. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले तेव्हा प्रत्येक नाक्यावर हनीवेल कंपनीचा डीडीपी-५१६ हा कपाटाएवढा संगणक बसवला होता आणि संदेशांची ने-आण करणे एवढेच त्याचे काम होते. १९८६ मध्ये तिथल्या विद्यापीठांना जोडणारे एनएसएफनेट उभे राहिले. त्याच्या नाक्यांवर डिजिटल कंपनीचे एलएसआय-११ जातीचे छोटे संगणक होते आणि त्यांवर डेव्हिड मिल्स यांनी लिहिलेली ‘फझबॉल’ नावाची आज्ञावली चालत असे. सेकंदाला छप्पन हजार बिट एवढ्या वेगाची ती तार होती. आजच्या घरगुती शंभर एमबीपीएसच्या तुलनेत ती जवळजवळ अठराशे पटींनी संथ. आपल्याकडे अर्नेटचे एक मुख्य केंद्र जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत होते. १९८९ साली तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत गेलेली भाड्याची तार सेकंदाला अवघे ९,६०० बिट वाहून नेत असे.

पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले आणि काही वर्षांत स्टेशनांबाहेर सायबर कॅफे उघडले. त्या कॅफेंतून आपल्या लोकांनी ही युक्ती न शिकवता आत्मसात केली. टेलिफोनची जोडणी एक आणि गिऱ्हाइके आठ-दहा. मग कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकाला मोडेम जोडायचा आणि बाकीच्यांना त्याच्या मागे उभे करायचे. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत अशी जोडणी वाटून घेण्याची सोयच होती. लिनक्स जाणणारे त्याहून पुढे गेले. ‘लिनक्स राउटर प्रोजेक्ट’ नावाची अख्खी प्रणाली १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर मावत असे. टाकून दिलेला ४८६ संगणक, दोन नेटवर्क कार्डे आणि ती फ्लॉपी एवढ्या सामग्रीत राउटर तयार होई. २००३ मध्ये स्वित्झर्लंडच्या मानुएल कास्पर यांनी ‘मोनोवॉल’ ही प्रणाली फुकट दिली. २०१५ मध्ये त्यांनी ती थांबवली, पण तिच्याच वंशात पीएफसेन्स आणि त्यातून पुढे ओपीएनसेन्स या प्रणाली आल्या. लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरचा आज्ञासंच खुला झाल्यावर २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ सुरू झाली. या तिन्ही प्रणाली आज चालू आहेत. ओपीएनसेन्स, ओपनडब्ल्यूआरटी आणि पीएफसेन्सची खुली आवृत्ती यांना पैसे पडत नाहीत.

हे यंत्र करते तरी काय? वसईकरांना ते किल्ल्यावरून लवकर समजेल. पोर्तुगीजांनी वसईच्या कोटाला दोन मुख्य दरवाजे ठेवले होते. एक ‘पोर्ता दा तेरा’, म्हणजे जमिनीकडचा दरवाजा, आणि दुसरा ‘पोर्ता दो मार’, म्हणजे समुद्राकडचा. राउटर होणाऱ्या संगणकालाही असेच दोन दरवाजे लागतात. एका नेटवर्क पोर्टात बाहेरची तार येते, दुसऱ्यातून घरातली निघते. समुद्राकडून कोण आत यावे आणि जमिनीकडून कोण बाहेर जावे हे मधला पहारा ठरवतो. अरबी समुद्रात फिरणाऱ्या जहाजांना पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत. तो नसेल तर जहाज अडवले जाई. राउटरमधली फायरवॉल याच धर्तीवर चालते. घरातून कुणी मागणी केली असेल तर तिचे उत्तर आत येऊ दिले जाते. न मागता दारावर आलेल्याला परत पाठवले जाते.

दुसरे काम पत्त्यांचे. सोसायटीत पन्नास बिऱ्हाडे असली तरी रस्त्यावरचा पत्ता एकच असतो. पत्र कोणत्या खोलीचे हे वॉचमन पाहतो. घराला बाहेरच्या जगाचा पत्ता बहुधा एकच मिळतो आणि आत दहा-वीस उपकरणे असतात. प्रत्येकाला आतला क्रमांक देणे आणि आलेले उत्तर नेमके त्याच्याच हाती पोचवणे हे राउटरचे काम. १९९४ मध्ये मांडली गेलेली ही कल्पना आज घरोघर चालते आहे.

मग केबलवाल्याने दिलेली किंवा बाजारातून आणलेली डबी हेच करत असताना तिच्या जागी जुना संगणक कशाला? यातले पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. अशी डबी विकल्यावर बनवणारा तिच्या आतल्या आज्ञावलीत काही काळ दुरुस्त्या पाठवतो आणि मग ते मॉडेल विसरून जातो. डबी मात्र भिंतीवर वर्षानुवर्षे तशीच असते. चोराला नवी कुलपे फोडायची विद्या येत जाते आणि आपले कुलूप दहा वर्षांपूर्वीचेच राहते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले मूळचे पासवर्ड वापरून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या फौजेने केलेल्या हल्ल्यात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. आपल्याकडे २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम असेच आजारी पडले आणि मूळ पासवर्ड बदला असे आवाहन कंपनीला करावे लागले. जुन्या संगणकावर वर सांगितलेल्या प्रणालींपैकी एक बसवली, की यंत्र जुने राहते आणि कुलूप मात्र नवे होत जाते. कारण दुरुस्त्या यंत्राच्या मॉडेलसाठी नसतात, प्रणालीसाठी असतात आणि त्या येत राहतात.

दुसरे कारण रांगेचे आहे. मुलगी ऑफिसच्या बैठकीत बोलत असते आणि त्याच वेळी कुणाच्या तरी फोनमधले लग्नाचे फोटो वर चढू लागतात. लगेच तिचा आवाज तुटतो. घरचे म्हणतात, वेग कमी आहे, मोठी योजना घ्या. पुष्कळदा दोष वेगाचा नसतो, रांगेचा असतो. बँकेची जुनी खिडकी आठवा. नाण्यांच्या थैल्या घेऊन आलेला दुकानदार पुढे उभा असला, की नुसते पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजीबाईंचा अर्धा तास मोडतो. फोटोंची पॅकेटे थैल्यांसारखी रांगेत साचतात आणि आवाजाची चिमुकली पॅकेटे त्यांच्यामागे ताटकळतात. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याकडे लक्ष वेधले आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय मांडला. त्याच्याच पुढच्या रूपात प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग धरून सर्वांना आळीपाळीने पुढे सोडतात. हे करायला प्रोसेसरला जास्त विचार करावा लागतो. स्वस्त डबीचा प्रोसेसर तिथे दमतो. दहा वर्षांपूर्वीच्या साध्या संगणकाला तो भार जाणवतही नाही. पैसे वाढवून मोठी योजना घेण्यापूर्वी हा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

आता विजेकडे वळू, कारण सगळा व्यवहार तिथे ठरतो. राउटर दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालतो. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे एक वॉटचा खर्च वर्षाला पावणेनऊ युनिट. आकडेमोडीच्या सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरले, तर प्रत्येक वॉटमागे वर्षाला सुमारे ८८ रुपये. हे कोष्टक लक्षात ठेवले की फसगत होत नाही. माळ्यावरचा २००४-०५ सालचा पेंटियम ४ काढला आणि तो सतत साठ वॉट खाऊ लागला, तर वर्षाला ५२५ युनिट, म्हणजे पाच हजारांच्या वर रुपये गेले. सहा वॉटची नवी डबी वर्षाला पाचशे-सव्वापाचशे रुपयांत चालते. अशा वेळी जुने ते सोने म्हणणे तोट्याचे. तो पेंटियम नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावा हे उत्तम. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तू परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

पण सगळे जुने संगणक खादाड नसतात. इंटेलचा ॲटम प्रोसेसर २००८ मध्ये आला तोच कमी विजेवर चालण्यासाठी. त्यानंतरच्या काळातल्या लहान संगणकांत २०१३ चा सेलेरॉन जे१९०० यासारखे प्रोसेसर आले, ज्यांना पंखाही लागत नाही. कार्यालयांच्या टेबलांवर ‘थिन क्लायंट’ नावाच्या पुस्तकाएवढ्या पेट्या असतात. सगळे काम दूरच्या सर्व्हरवर चालते आणि ही पेटी फक्त पडदा दाखवते. कार्यालये त्या ठरावीक वर्षांनी एकगठ्ठा बदलतात आणि जुन्या पेट्या बाजारात येतात. अशी पेटी दहा वॉटच्या आसपास चालत असेल, तर वर्षाचा खर्च पावणेनऊशे रुपये. डबीपेक्षा तीनशे-साडेतीनशे रुपये जास्त मोजून नवे कुलूप आणि शिस्तीची रांग मिळत असेल, तर सौदा वाईट नाही. घरातला जुना लॅपटॉपही चालतो. पडदा बंद केला की तो फारशी वीज घेत नाही. मात्र त्याची बॅटरी फुगलेली असेल तर ती काढून टाकलीच पाहिजे, कारण चोवीस तास चार्जिंगवर ठेवलेली फुगकी बॅटरी आग लावू शकते.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, अशी पेटी घ्यायला जाणाऱ्याने काही गोष्टी पाहून घ्याव्यात. प्रोसेसर ६४ बिटचा असावा. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स यांनी ३२ बिटची साथ सोडली आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही जुन्या ३२ बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय उरलेली नाही. नेटवर्क पोर्ट दोन असावेत, किंवा दुसरे कार्ड बसवायला जागा असावी. एचपीच्या टी६२० प्लससारख्या काही थिन क्लायंटांत ती असते. यूएसबीतून जोडायची नेटवर्क पिन मिळते, पण चोवीस तासांच्या कामाला तिच्यावर विसंबू नये. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या पुष्कळ मदरबोर्डांवरचे कपॅसिटर सदोष निघाले होते. झाकण उघडून त्यांची डोकी फुगलेली नाहीत ना हे पाहावे. आणि वाय-फायची चिंता करू नये. संगणकाने फक्त पहारा आणि वाटप करायचे. जुनी डबी फेकायची नाही. तिला ‘ॲक्सेस पॉइंट’ करून घरात वाय-फाय पसरवण्याचे काम द्यायचे. शंभर एमबीपीएसच्या जोडणीला ॲटम पुरतो. त्याहून बराच मोठा वेग असेल तर नव्या पिढीचा प्रोसेसर हवा.

केबलवाल्याशीही बोलून घ्यावे लागते. काही जोडण्या विशिष्ट उपकरणाच्या मॅक पत्त्याला बांधलेल्या असतात, तेव्हा नव्या यंत्राचा पत्ता त्यांच्याकडे नोंदवावा लागतो. काहींना युजरनेम व पासवर्ड लागतो, तो मागून घ्यावा. फायबर असेल तर भिंतीवरचा फायबरचा डबा राहतोच. तो ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकून द्या अशी विनंती करावी लागते.

आता आपल्याकडच्या विजेचा स्वभाव. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरले, रुळ बुडाले, गाड्या थांबल्या आणि अनेक भागांत वीजही गेली. तेवढा मोठा प्रसंग नेहमी येत नाही. पण पावसाळ्यात वीज पाच मिनिटे जाणे, येणे, पुन्हा जाणे हे इथे कुणाला नवे नाही. यंत्राला जाण्यापेक्षा येणे जास्त बाधते. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतल्या दृष्टी केंद्रांशी बिनतारी जोडणी केली, जेणेकरून रुग्णाने गावातच बसावे आणि डॉक्टरने थेनीहून त्याच्याशी बोलावे. २००५ च्या सुमारास बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी उभारलेल्या या जाळ्यातले राउटर म्हणजे २६६ मेगाहर्ट्झचे, कमी वीज खाणारे छोटे संगणकच होते. २००८ मध्ये त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. बिनतारी लहरींच्या अडचणी त्यांनी सोडवल्या होत्या. बिघाडांचे मोठे कारण निघाले ते खराब वीज. दाब मध्येच उसळे आणि यंत्रे जळत किंवा अर्धवट अवस्थेत अडकून बसत. जिथे डॉक्टरची भेट त्या तारेवर अवलंबून होती तिथला हा धडा आपल्या घरालाही लागू आहे.

त्यासाठीचे उपाय साधे आहेत. अर्थिंग नीट असलेला सॉकेट आणि दाबाची उसळी अडवणारा बोर्ड घ्यावा. यंत्र इन्व्हर्टरवर टाकावे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला दहा वॉटचे ओझे काहीच नसते. बायॉसमध्ये एक सूचना असते, की वीज परत आली की यंत्राने आपोआप सुरू व्हावे. ती चालू करून ठेवावी, नाहीतर वीज आली तरी नेट येत नाही आणि कारण कुणाला सापडत नाही. फिरणारी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी बसवावी. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत पंखा नसलेली बंद पेटी जास्त टिकते आणि तिच्यात पालीला व मुंग्यांना घर करता येत नाही. एवढे करूनही गच्चीवर केबलवाल्याचा स्विच इमारतीच्या विजेवर चालत असेल आणि तोच बंद पडला, तर आपला पहारेकरी जागा असून वाट मात्र बंद, हेही समजून असावे.

इथपर्यंतचा हिशेब जमेच्या बाजूचा झाला. खर्चाच्या बाजूला एक मोठी रक्कम अजून लिहायची आहे. ती रुपयांत येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात मुलाने मोठ्या हौसेने असा राउटर बसवला. दोन वर्षे तो उत्तम चालला. मग मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला. एका पावसाळी रात्री वीज येऊन-जाऊन नेट बंद पडले. भिंतीवर तीन पेट्या: एक फायबरची, एक जुनी डबी आणि एक काळी पेटी. आईला यातली कोणती बंद-चालू करायची ते ठाऊक नव्हते. केबलवाल्याचा माणूस आला, काळी पेटी पाहून म्हणाला, ‘मावशी, हे आमचे नाही, याला मी हात लावणार नाही.’ त्याचेही चुकले नाही. मुलाला फोनवर सांगावे, तर त्याच्याशी रोजचे बोलणे याच नेटवरून. चार दिवस माय-लेकांचे बोलणे शेजारच्या घरात जाऊन झाले. यंत्रात दोष काहीच नव्हता. त्याची माहिती असलेला माणूस तेवढा घरात नव्हता.

महाराष्ट्राला हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आलेला आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांत संगणक केंद्रे उघडली गेली आणि त्यांचा गाजावाजाही झाला. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिले तेव्हा ही केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदींपुरती वापरात होती आणि जुने झालेले संगणक सांभाळणे जड जात होते. मग काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या संदेशांवर आणून पाहिले गेले आणि ते जमले. उलट आपल्याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात खामलोली आणि पुढे इतर गावांपर्यंत स्वस्त साधनांनी ब्रॉडबँड पोचवले. २०१७ मध्ये त्याला मोझिलाचे पारितोषिकही मिळाले. त्या मांडणीत सरकार आणि खाजगी उद्योजकाबरोबर ग्रामपंचायत ही भागीदार होती. जाळ्याला गावातच कुणीतरी धनी असावा, हा विचार त्यात होता.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला यावरचा उपाय ओळखीचा वाटेल. तिजोरीची किल्ली बँकेत कधी एकाच्या हाती नसते. ती दोघांच्या ताब्यात असते, रजेवर जाताना किल्लीची नोंदवहीत सही होऊन ती दुसऱ्याकडे जाते आणि दुसरी जोडी वेगळ्या जागी मोहोरबंद ठेवलेली असते. यात कुणावर अविश्वास नसतो. माणूस आजारी पडतो, बदलून जातो, मरतो. शाखा मात्र सकाळी उघडावीच लागते. घरातल्या राउटरला हाच नियम लावावा. जो तरुण तो बसवील त्याने घरातल्या दुसऱ्या एका व्यक्तीला, मग ती आई असो, आजोबा असोत की शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, एकदा शेजारी बसवून तो बंद करायला आणि सुरू करायला शिकवावे, आणि तिच्या हातून ते करवून घ्यावे. पाहिलेले विसरले जाते, केलेले राहते.

आणि एक वही करावी. शाळेची शंभर पानी पुरे. पहिल्या पानावर तिन्ही पेट्यांची चित्रे काढून कोणती तार कुठे जाते ते रंगीत पेनाने दाखवावे. पेट्यांवरही १, २, ३ असे आकडे चिकटवावेत आणि बंद पडल्यास कोणत्या क्रमाने सुरू करायच्या ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहावे. दुसऱ्या पानावर केबलवाल्याचा दूरध्वनी, जोडणीचे युजरनेम आणि ‘संगणक काढून जुनी डबी थेट कशी जोडावी’ याची कृती असावी, म्हणजे काहीच जमले नाही तर घर पूर्वीच्या स्थितीला परत येऊ शकेल. जुनी डबी त्यासाठी तयार करून ठेवलेली असावी. राउटरचा पासवर्ड वहीत न लिहिता पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, घरातले दागिने आणि विम्याची कागदपत्रे असतात त्या कपाटात ठेवावे. तिसऱ्या पानापासून नोंदी: कोणत्या तारखेला दुरुस्ती घातली, केव्हा बंद पडला, कशाने सुरू झाला, विजेचे बिल किती आले.

ज्या घरात ही वही लिहायला आणि वाचायला दोन माणसे आहेत, तिथे दहा वॉटचा जुना संगणक उंबरठ्यावर खुशाल बसवावा. तो आणखी पाच-सात वर्षे नोकरी करील. जिथे एकच जाणता आहे आणि त्याचाही पाय घरात ठरत नाही, तिथे दुरुस्त्या नियमाने देणाऱ्या कंपनीची साधी डबी घ्यावी, तिचा मूळचा पासवर्ड बदलावा आणि तेवढ्यावर समाधान मानावे. त्या ओळखीच्या घरातल्या मुलाने पुढच्या सुट्टीत आल्यावर काळी पेटी काढली नाही. त्याने वही केली, आईकडून तीन वेळा पेट्या बंद-चालू करवून घेतल्या आणि शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून दोघांनी सह्या केल्या.